सोलापूरच्या घरात कोरी: पाळणं, अंडी आणि पिल्लं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न फोनवर, दुकानात उभ्या उभ्या, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला विचारले गेले आहेत. बरेचसे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. प्रश्न लोकांनी ज्या भाषेत विचारले त्याच भाषेत ठेवले आहेत. उत्तरं सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण आपला मे महिना आणि आपलं पाणी इतर गावांसारखं नाही. कोरीची पुस्तकी माहिती जशीच्या तशी इथे वापरली की मासे मरतात, आणि माणूस हा छंद सोडून देतो. तसं होऊ नये म्हणून हा खटाटोप.

१. कोरी म्हणजे नेमका कोणता मासा? दुकानदार कधी कॅटफिश म्हणतो, कधी सकर.

कोरी म्हणजे कोरीडोरास. दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्या-नद्यांच्या तळाशी थव्यानं फिरणारा, गोड्या पाण्यातला छोटा कॅटफिश. अंगावर खवले नसतात, त्याऐवजी दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात. तोंडाशी मिशा असतात आणि त्यांनी वाळू चाचपत तो खाणं शोधतो. बहुतेक जाती पाच ते सात सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

सकर वेगळा. त्याचं तोंड काचेला चिकटतं, आणि बोटाएवढा आणलेला सकर पुढे फूटभराचा होतो. घेताना तोंड बघा. काचेला चिकटून बसला असेल तर तो कोरी नव्हे.

२. कोरी टाकी साफ ठेवतो ना? म्हणूनच घ्यायचा आहे.

तेवढ्यासाठी घेऊ नका. कोरी शेवाळ खात नाही, विष्ठा खात नाही. वरच्या माशांचं तळाशी पडलेलं खाणं तो वेचतो, पण तोही मासाच आहे, घाण तोही करतो. ‘उरलंसुरलं खाऊन जगेल’ या समजुतीनं ठेवलेले कोरी हळूहळू खंगतात. त्यांना त्यांचं वेगळं खाणं लागतं (प्रश्न १३ पाहा).

३. किती घेऊ? टाकी केवढी लागेल?

एकाच जातीचे किमान सहा. एकटा कोरी कोपऱ्यात दडून बसतो. सहा झाले की तेच मासे दिवसाढवळ्या टाकीभर हिंडतात. तीन जातींचे दोन-दोन घेऊन सहा करू नका, तो थवा होत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण ५६ लिटर पाणी मावतं. सहा कोरींना ती पुरते. उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची, म्हणून उंच, अरुंद टाकी घेऊ नका.

४. सोलापूरसाठी कोणती जात चांगली?

स्टर्बाय. हा ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातला, आणि २८ अंशांचं पाणी त्याला सहज सोसतं. तो मिळाला नाही तर ब्राँझ किंवा त्याचाच पांढरा अल्बिनो. हे काटक आहेत, स्वस्त आहेत आणि अंडीही लवकर देतात. नवशिक्यानं ब्राँझपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

पेपर्ड आणि पांडा दिसायला देखणे, पण त्यांना २० ते २५ अंशांचं पाणी मानवतं. माझे पहिले आठ पेपर्ड एकाच मे महिन्यात गेले. तेव्हा मला वाटलं रोग आला. रोग नव्हता, पाणी ३४ अंशांवर होतं. वर्षभर एसी चालणारी खोली असेल तरच या दोघांकडे वळा. (पेपर्डचे नमुने चार्ल्स डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते आणि १८४२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. इतक्या जुन्या ओळखीचा मासा आपल्या उन्हाळ्यापायी पाळता येत नाही, याची मला अजून हळहळ वाटते.)

नावांबद्दलही एक सांगतो. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या मोठ्या गटाची अनेक गटांत फेरमांडणी केली. ब्राँझ आता ऑस्टिओगास्टर झाला, तर स्टर्बाय, पेपर्ड, पांडा हे होप्लिसोमा. दुकानात मात्र सगळे अजून कोरीच आहेत, मागताना कोरीच म्हणा.

गुलाबी, निळे, हिरवे ‘रंगीत कोरी’ कुठे दिसले तर घेऊ नका. ते पांढऱ्या माशाला रंग टोचून केलेले असतात. रंग काही महिन्यांत जातो, आणि टोचताना झालेल्या जखमांनी कित्येक मासे त्याआधीच जातात.

५. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं. ते थेट टाकीत घातलं तर?

थेट घालू नका, त्यात क्लोरीन असतं. एक पिंप माशांसाठी वेगळंच ठेवा. पाणी आलं की भरा, झाकण सैल ठेवा आणि आत एअर पंपाचा दगड सोडा. एक-दोन दिवसांत क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन पाकिटावरच्या मापानं घाला. पाण्याच्या पाळीमुळे आपल्याला आधीच साठवायची सवय आहे, आणि माशांच्या बाबतीत तिचा फायदाच होतो.

दोन गोष्टी पाळा. पिंपाला बारीक जाळी बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात दुपारी वापरू नका, ते हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं. पाणी बदलायचं ते सकाळी.

६. आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. चालेल का? आणि आरओचं?

आपल्याकडचा खडक बेसाल्ट. त्यातून येणारं बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी बसलेला पांढरा थर त्याचाच. पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेले ब्राँझ बऱ्यापैकी जड पाण्यात राहतात, पण फार जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) स्वस्त आहे, तो घ्या आणि अंदाज बांधणं सोडा. नुसतं पाळायचं असेल तर ४००च्या आत, अंडी हवी असतील तर १५० ते २५०च्या आसपास आणा, असा माझा ठोकताळा आहे.

त्यासाठी बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओचं घालू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच कधी घसरेल, म्हणजे पाणी कधी आम्ल होईल, याचा नेम नाही. आरओच्या मागच्या नळीतून जे पाणी वाया जातं, ते ‘फुकट जातंय’ म्हणून टाकीत ओतणारे पुष्कळ भेटले. त्या पाण्यात गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार असतात, मूळ पाण्यापेक्षाही जड. ते फरशी पुसायला वापरा.

७. टाकी भरली, फिल्टर लावला. उद्या मासे आणू का?

नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया येतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या जड, अल्कधर्मी आणि गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून इथे घाई अधिकच महाग पडते. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. मागायला लाजू नका.

८. तळाला काय घालू? रंगीत खडे चालतील?

बारीक, गोल कणांची वाळू घाला. कोरी तोंड वाळूत खुपसतो, वाळू आत घेतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. हे बघण्यातच निम्मा आनंद आहे, आणि खड्यांवर तो मिळत नाही.

बांधकामावरची क्रश सँड नको. ती दगड फोडून केलेली असते, कण धारदार असतात. नदीची वाळू मिळाली तर रव्याच्या चाळणीनं चाळा आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. मग चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, ती पाणी आणखी जड करील. थर एक इंचापेक्षा जाड नको.

मिशा झिजल्या की लोक वाळूला दोष देतात. बहुतेक वेळा वाळूत साठलेली घाण हे खरं कारण असतं. दर आठवड्याला पाइपनं तळ ओढून काढला तर मिशा पुन्हा वाढू शकतात.

९. मे महिन्यात टाकीचं पाणी ३३-३४ अंशांवर जातं. मासे वाचवू कसे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मासे मरतात तेही याच महिन्यात.

आधी कारण समजून घ्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या लिटरभर पाण्यात तो साधारण ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.५. त्याच वेळी उष्णतेनं माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणून पहिलं काम म्हणजे हवा वाढवणं: एकाऐवजी दोन दगड, आणि पंप रात्रंदिवस चालू.

दुसरं काम पंखा. आपला उन्हाळा कोरडा आहे, त्यामुळे पाण्यावरून वारा गेला की बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी थंड होतं. माठाचं तत्त्व तेच. टाकीचं झाकण काढा, वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा (कोरी कधी कधी उसळून बाहेर पडतात) आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा. एप्रिल-मेमध्ये यानं तीन-चार अंश खाली येतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच उपाय निम्म्यावर येतो, पण तेव्हा गरजही उरत नाही.

तिसरं काम टॉवेल. जाड सोलापुरी टॉवेल ओला करून टाकीच्या बाजूंना गुंडाळायचा आणि त्याची टोकं खाली पाणी भरलेल्या परातीत सोडायची. टॉवेल पाणी ओढत राहतो, पंख्याच्या वाऱ्यानं ते उडतं आणि काच गार राहते. बाजूला कुठे विजेचं बटण नाही ना, एवढं बघा.

पंखा लावला की दोन फुटी टाकीतलं लिटर-दोन लिटर पाणी रोज उडतं. क्षार मात्र मागेच राहतात. त्यामुळे भर घालायची ती आरओच्या पाण्याची. रोज बोअरचं पाणी घालत राहिलात तर जूनपर्यंत टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड झालेलं असेल.

बर्फ थेट टाकू नका. अगदीच वेळ आली तर अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली तरंगत ठेवा आणि तासाला एखाद्या अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका. उन्हाळ्यात खाणं निम्मं करा. टाकी पश्चिमेच्या भिंतीला असेल तर मार्चमध्येच हलवा, कारण ती भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते.

१०. दुपारी लाईट गेली तर?

बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, किंवा पंप इन्व्हर्टरवर घ्या. तो फार कमी वीज खातो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं येतं. काहीच नसेल तर तांब्यानं टाकीतलंच पाणी वरून पुन्हा पुन्हा ओतत राहा. मी हे दोन तास केलेलं आहे, मासे राहिले.

११. मासा मधूनच झपकन वर येतो, तोंड मारतो आणि पुन्हा खाली जातो. गुदमरतोय का?

नाही. कोरी वरची हवा गिळतो आणि आतड्यातून तिच्यातला ऑक्सिजन घेतो. अधूनमधून वर जाणं ही त्याची नेहमीची रीत आहे. मात्र सगळेच मासे मिनिटा-मिनिटाला वर जाऊ लागले, किंवा कल्ले भराभर हलताना दिसले, तर पाणी बिघडलंय. लगेच अमोनिया तपासा, तिसरा हिस्सा पाणी बदला आणि हवा वाढवा.

१२. माझी मुलगी म्हणते, कोरी डोळा मारतो. खरं आहे का?

खरं आहे. पापणी नसते, पण तो बुबुळ झटकन खाली फिरवतो आणि डोळा मारल्यासारखं दिसतं.

१३. खायला काय द्यायचं? घरात शाकाहार आहे, फ्रीजमध्ये ब्लडवर्म ठेवू देत नाहीत.

हा प्रश्न आपल्याकडे फार घरांतून येतो. घरच्यांचं मन राखूनही कोरी पाळता येतात, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो: कोरी मुळात किडे-अळ्या खाणारा मासा आहे, त्याला पूर्ण शाकाहारी करता येत नाही. तळाशी बसणाऱ्या तयार गोळ्यांतही माशांची भुकटी असते. वाळवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) डबीत येतात, ते फ्रीजबाहेर राहतात, म्हणून बहुतेक घरांत चालून जातात.

रोजचं खाणं म्हणजे बुडणाऱ्या गोळ्या, संध्याकाळी दिवा मालवण्याच्या सुमारास, कारण ते अंधार पडताना जास्त खातात. आठवड्यातून दोन-तीनदा ब्लडवर्म किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). कधीतरी उकडून सोललेला मटार. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल जंत) मी देत नाही. ते गटाराच्या पाण्यात वाढलेले असतात आणि त्यांच्याबरोबर रोग येतो.

१४. कुणाबरोबर ठेवता येतील?

गप्पी, मॉली, प्लॅटी यांच्याबरोबर छान राहतात, आणि या तिघांना आपलं जड पाणीही आवडतं. टेट्रा, डॅनिओ, शांत स्वभावाचा फायटर चालतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, मोठे सिक्लिड अजिबात नकोत.

गोल्डफिशबरोबर ठेवू का, असं बरेच जण विचारतात. नको. मोठा गोल्डफिश छोट्या कोरीला गिळायला जातो, कोरी काटे ताठ करतो, ते घशात अडकतात आणि दोघेही मरतात.

१५. काटा लागला, हात ठणकतोय. विषारी असतो का?

पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांचा पुढचा काटा टोकदार असतो आणि त्याला सौम्य विष असतं. हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जा. मासा जाळीनं धरू नका, काटे जाळीत गुंततात. प्लास्टिकच्या डब्यानं उचला.

हेच काटे पिशवी फोडतात, म्हणून दुहेरी पिशवी मागून घ्या. आणि घाबरलेला कोरी अंगातून विषारी स्राव सोडतो. पिशवीत पाणी थोडं असल्यानं त्या स्रावानं सगळे मासे दगावू शकतात. दुकानात पिशवीतल्या पाण्याला फेस दिसला तर तिथेच पाणी बदलून घ्या, आणि घरी आल्यावर ते पाणी टाकीत ओतू नका.

१६. पावसाळ्यात गल्लीत धुराची फवारणी होते. माशांना काही होतं का?

होतं. डासांसाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना फार थोड्या मात्रेतही मारतात. फवारणीची गाडी ऐकू आली की खिडक्या लावा, टाकीवर ओलं कापड घाला आणि एअर पंप तासभर बंद ठेवा. पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. घरातला स्प्रे, कॉइल, प्लगमधलं लिक्विड यांनाही हेच लागू. टाकीच्या खोलीत यांतलं काहीच नको.

१७. मासा आजारी दिसला की मूठभर खडेमीठ टाकायचं, असं सांगतात.

कोरीच्या टाकीत तरी नको. मीठ त्याला फारसं सोसत नाही, तांबं असलेली औषधं तर त्याहून कमी. दर वेळी पहिलं औषध म्हणजे स्वच्छ पाणी: तिसरा हिस्सा आज, तिसरा हिस्सा उद्या. पोटाखाली लाल चट्टे दिसले तर बहुधा अमोनिया वाढलेला असतो. औषध द्यायचंच झालं तर मासा वेगळ्या डब्यात काढून अर्ध्या मात्रेनं सुरू करा.

१८. नर कोणता, मादी कोणती?

वरून बघा. मादी मोठी आणि कुशीत रुंद दिसते, नर सडपातळ. पोटाखालचे पर मादीचे पंख्यासारखे गोल, नराचे टोकदार. वर्षाच्या आतल्या पिल्लांत ओळखणं अवघड, म्हणून सहा-आठ छोटे एकत्र घेऊन वाढवा, दोन्ही मिळतात. एका मादीमागे दोन नर असले की अंडी जास्त फळतात.

१९. अंडी द्यावीत म्हणून काय करू? वर्ष झालं, काहीच नाही.

त्यांच्या मुलखात पावसाळा लागला की पाणी चढतं, गार होतं आणि त्यातले क्षार पातळ होतात. हाच त्यांचा हंगाम. आपण तो टाकीत आणायचा.

आधी दोन-तीन आठवडे चांगलं खाऊ घाला, रोज थोडं ब्लडवर्म किंवा आर्टेमिया. मादीचं पोट भरलेलं दिसू लागलं की माठ काढा. हो, पिण्याच्या पाण्याचा मातीचा माठ. नवा असेल तर चार दिवस पाणी भरून ओतून टाका. त्यात आरओचं पाणी रात्रभर ठेवा. सकाळी ते गारही असतं आणि क्षारही नसतात, म्हणजे आपलं पावसाचं पाणी तयार. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढून हे सावकाश घाला. टाकी २७ अंशांवर आणि माठ २१ वर असेल तर मिश्रण २५च्या आसपास येतं. मग फिल्टरचा प्रवाह आणि हवा वाढवा. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही तर एक दिवसाआड तीन-चारदा हेच करा.

वेळ निवडता आली तर जूनचा पहिला वळवाचा पाऊस किंवा सप्टेंबर निवडा. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचाच. ढग दाटून आले, हवेचा दाब उतरला की कोरी आपोआप अस्वस्थ होतात असं अनेक पाळणारे सांगतात, माझाही अनुभव तोच आहे. माझ्या ब्राँझनी पहिली अंडी दिली त्या दुपारी बाहेर विजा कडाडत होत्या.

२०. एकीकडे तापमान एकदम उतरवू नका म्हणता, दुसरीकडे गार पाणी ओता म्हणता. नेमकं काय?

दोन्ही बरोबर आहे, सुरुवात कुठून होते ते बघा. २७ वरून २५ वर येणं हा माशासाठी पाऊस. ३४ वरून अर्ध्या तासात २६ वर येणं हा धक्का. म्हणून माठाचा प्रयोग मेमध्ये करूच नका. आधी प्रश्न ९मधल्या उपायांनी पाणी २८च्या खाली स्थिर होऊ द्या, मग पंधरा दिवसांनी माठ.

२१. नर-मादी इंग्रजी ‘टी’सारखे चिकटले होते, मग मादी काच चाटत फिरत होती. हे काय होतं?

अभिनंदन, तीच वेळ. नर मादीच्या तोंडासमोर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते आणि त्याच वेळी पोटाखालच्या परांची ओंजळ करून तिच्यात दोन-चार अंडी धरते. मग काच किंवा पान साफ करून ती तिथे चिकटवते. मादी नराचं वीर्य चक्क गिळते आणि ते आतड्यातून जाऊन अंड्यांपर्यंत पोचतं, हे जपानी संशोधकांनी ब्राँझवर अभ्यास करून १९९५ मध्ये मांडलं. हा खेळ काही तास चालतो. ब्राँझची मादी शंभर-दीडशे अंडी देऊ शकते, स्टर्बायची बरीच कमी. तेवढा वेळ दिवा लावू-बंद करू नका, पाहुण्यांना दाखवायला बोलावू नका.

२२. अंडी तिथेच ठेवू की काढू?

काढा. आई-बापच खाऊन टाकतात. घातल्यावर काही तासांत कवच कडक होतं, मग बोटानं हलकेच लोळवली की निघतात. पातळ प्लास्टिक कार्डही चालतं. टाकीतल्याच पाण्यानं भरलेल्या डब्यात ती एकमेकांना न चिकटता पसरा, आत हवेचा दगड मंद सोडा आणि डबा टाकीतच तरंगत ठेवा म्हणजे तापमान सारखं राहील. बुरशी लागू नये म्हणून पाणी फिकट निळं होईल इतके मिथिलीन ब्लूचे थेंब, किंवा देशी बदामाचं वाळलेलं पान. मला पान आवडतं. मिथिलीन ब्लू मोठ्या टाकीत सांडू देऊ नका, फिल्टरमधले जिवाणू मरतात.

२५-२६ अंशांना साधारण चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

२३. दुसऱ्या दिवशी बहुतेक अंडी पांढरी झाली.

ती फळलेली नव्हती. ड्रॉपरनं लगेच उचला, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. फळलेलं अंडं पिवळसर-तपकिरी होत जातं. पहिल्या खेपेला बरीच वाया जाणं नेहमीचं आहे. दर वेळी सगळीच पांढरी होत असतील तर तीन शक्यता: नर कमी किंवा कोवळे, पाणी फार जड (प्रश्न ६), नाहीतर पाणी फार गरम.

२४. पिल्लांना काय भरवू?

पहिले दोन-तीन दिवस काही नको, पोटाखालची पिशवी त्यांना पुरते. ती संपली की मायक्रोवर्म (अगदी बारीक जंत) आणि आर्टेमियाची ताजी पिल्लं. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की २४ ते ३६ तासांत फुटतात. ती बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्यानं धुवून द्या.

मायक्रोवर्मचं विरजण कुणाकडून तरी आणा. ओट्सच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या घट्ट लापशीवर ते वाढतात. ज्वारीच्या पिठावरही मी वाढवले आहेत. उन्हाळ्यात डबा चार-पाच दिवसांत आंबतो, म्हणून दोन डबे आलटून-पालटून चालू ठेवा. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका, अर्ध्या दिवसात पाणी नासतं.

२५. पिल्लं पंधरा दिवस छान होती, मग रोज दोन-चार मरू लागली.

हे दुखणं जवळजवळ प्रत्येकाला भेटतं. कोरीचं पिल्लू पोट तळाला टेकवून जगतं, आणि उरलेलं खाणं कुजतं ते तळालाच. वरचं पाणी नितळ दिसतं म्हणून आपण गाफील राहतो. डब्याचा तळ हवेच्या नळीनं दिवसातून दोनदा ओढून काढा आणि रोज चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी पालकांच्या टाकीतलंच घ्या, म्हणजे तापमान आणि क्षार जुळतात. दोन बोटं रुंद गोगलगाय सोडली तर उरलेलं खाणं ती फस्त करते. डबा लहान वाटू लागला की वेळ न दवडता स्पंज फिल्टरच्या टाकीत हलवा. मी पिल्लं मोजायचं सोडून तळ साफ करायला लागलो, तेव्हा कुठे माझी अर्ध्याहून जास्त पिल्लं जगू लागली.

२६. ब्राँझ आणि अल्बिनो एकत्र अंडी घालतील का? पिल्लं कशी होतील?

अल्बिनो ब्राँझ जातीचाच असेल तर घालतील. अल्बिनोपणा मागे राहणारा गुण आहे. शुद्ध ब्राँझ आणि अल्बिनोची पिल्लं सगळी ब्राँझ दिसतात. ती मोठी झाल्यावर आपसांत जुळली तर साधारण चारातलं एक पांढरं निघतं. पण दुकानातला प्रत्येक अल्बिनो ब्राँझ नसतो, पेपर्डचेही अल्बिनो येतात. वेगवेगळ्या जातींची सरमिसळ करून पिल्लं काढू नका, पुढे कुणालाच जात कळत नाही.

२७. आठ दिवस गावाला जायचंय.

मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगू नका, जास्तच घालतात. त्यांना फक्त पंप चालू आहे का आणि पाणी किती उतरलं, एवढं बघायला सांगा. पिल्लं असतील तर मात्र जाणं पुढे ढकला. एप्रिल-मेमध्येही.

२८. पिल्लं खूप झाली. सिद्धेश्वर तलावात सोडू का?

नाही. तलावात नाही, विहिरीत नाही, नदीत नाही. कंटाळलेल्या लोकांनी सोडलेला सकर आज उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. परका मासा एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही.

अडीच सेंटिमीटरची झालेली, बुडणाऱ्या गोळ्या खाणारी पिल्लं दुकानदार आनंदानं घेतात, बहुधा खाण्याच्या किंवा सामानाच्या बदल्यात. नेण्याआधी एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे पिशवीत घाण कमी होते, आणि उन्हं उतरल्यावर न्या. सहा-सहाच्या पिशव्या करा. घेणाऱ्यानंही सहाच घ्यावेत, असं दुकानदाराला सांगून ठेवा.